अभ्यास आणि मुलांचे स्वास्थ्य : वाचकांचे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच काळजीतून लिहिलेली आहेत. मूल शाळेत जाते, शिकवणीला जाते, वह्याही पूर्ण करते, तरीही ते बरे दिसत नाही, असे पालक लिहितात. आणि हे दिसत असूनही हात बांधलेले आहेत, असे शिक्षक लिहितात. पत्रे मोठी असल्यामुळे त्यांतील मुख्य भागच येथे घेतला आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. सकाळी सातची शाळा, दुपारी तीन ते सहा शिकवणी आणि रात्री गृहपाठ, असा त्याचा दिवस असतो. झोपायला साडेअकरा वाजतात आणि साडेपाचला उठावे लागते. दिवाळीनंतर त्याच्या पोटात रोज सकाळी दुखू लागले आहे. डॉक्टरांनी तपासले, सोनोग्राफी केली, पण काही निघाले नाही. आठवीत ८५ टक्के होते, ते आता ६० वर आले आहेत. तो कबड्डी चांगली खेळत असे. पुढच्या वर्षी दहावी असल्याने यंदा आम्ही ती बंद केली. गणितासाठी आणखी एक शिकवणी लावावी, असे त्याच्या वडिलांचे म्हणणे आहे. आपले मत काय? — एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : आणखी शिकवणी लावू नये, हे आधीच स्पष्ट सांगते. आपल्या पत्रातच याचे कारण आहे. साडेअकरा ते साडेपाच म्हणजे सहा तास झोप झाली. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, असे झोपेच्या तज्ज्ञांचे सांगणे आहे. दिवसभरात वाचलेले आणि सोडवलेले मेंदूत पक्के होण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेतच होते. त्यामुळे रात्री अकरानंतर सोडवलेली दहा गणिते सकाळी आठवत नसतील, तर त्यात मुलाच्या आळसाचा भाग नाही. नवी शिकवणी लागली की तिचा वेळ पुन्हा झोपेतूनच जाणार आणि गुण आणखी घसरणार.

पोटदुखीविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण अशी पत्रे दर महिन्याला येतात. सोनोग्राफीत काही निघाले नाही म्हणजे मूल सोंग करते, असा अर्थ घरात हमखास काढला जातो. मनावरच्या ताणाने पोटात खरोखर कळ येते. मुलाला होणारे दुखणे खरे असते, फक्त त्याचे मूळ पोटात नसते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुखते का, ठरावीक विषय असलेल्या वारी जास्त दुखते का, याची दोन-तीन आठवडे नोंद ठेवा. मात्र दुखण्याने मुलाला झोपेतून जाग येत असेल, वजन उतरत असेल, वारंवार ताप येत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर ताणाचे दुखणे म्हणून सोडून न देता पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

आता त्याची गणिताची वही काढा आणि जूनपासून एकेक पान उलटत चला. कोणत्या तरी पानापर्यंत गणितात त्याच्या स्वतःच्या पायऱ्या दिसतील, बाजूला कच्चे काम असेल, खाडाखोड असेल. नंतर एका ठिकाणापासून वही एकदम स्वच्छ होईल, खाडाखोड थांबेल आणि उत्तरे फळ्यावरून जशीच्या तशी उतरवलेली दिसतील. पालकांना ती स्वच्छ पाने पाहून बरे वाटते, परंतु मूल नेमके तिथेच वर्गाच्या मागे पडलेले असते. त्या पानावर कोणता धडा चालू होता, त्या सुमारास शाळेत किंवा घरात काय घडले होते, हे त्याच्याशी बोलताना हाती लागेल. तो धडा वर्गशिक्षकांकडून किंवा एखाद्या मित्राकडून चार दिवसांत समजावून घेता येतो. त्यासाठी वर्षभराची शिकवणी लागत नाही.

वर्गशिक्षकांना भेटायचे ते पालकसभेच्या गर्दीत भेटू नका. वेगळी पंधरा मिनिटे मागून घ्या. गुणांची चर्चा तिथे करण्याचे कारण नाही, ते प्रगतिपत्रकात आहेतच. तो कोणाजवळ बसतो, मधल्या सुट्टीत कोणासोबत डबा खातो, वर्गात हात वर करणे त्याने कधीपासून सोडले, कोणी त्याला चिडवते किंवा मारते का, हे विचारा. घरी त्याच्याशी बोलताना समोर बसवून "काय झाले ते सांग" असे म्हणू नका. या वयाची मुले समोरासमोर गप्प होतात. स्कूटरवर मागे बसलेली असताना, किंवा चटणीसाठी शेंगा सोलत शेजारी बसलेली असताना तीच मुले आपणहून बोलू लागतात.

कबड्डी पुन्हा सुरू करा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांची दिवसाला सरासरी साठ मिनिटे दमवणारी हालचाल व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या मुलाला ती कबड्डीतून आनंदाने मिळत होती, आणि त्याच मैदानावर त्याचे मित्रही होते. ती बंद झाली आणि दोन्ही एकदम गेले. खेळाडूंना दहावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळण्याची सोय आहे, हे खरे आहे, परंतु त्या गुणांसाठी त्याला मैदानावर पाठवू नका, नाहीतर कबड्डीसुद्धा आणखी एक विषय होऊन बसेल. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा खेळ पहाटे किंवा ऊन उतरल्यावरच ठेवावा. आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत त्याला मित्रांबरोबर गड्ड्यावर, म्हणजे होम मैदानावर भरणाऱ्या जत्रेत, जाऊ द्या. दहावीच्या वर्षीसुद्धा जाऊ द्या. पूर्वपरीक्षा तोंडावर आहे म्हणून होम मैदानावरची एक संध्याकाळ नाकारल्याने कोणाचा निकाल सुधारल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

या सर्व गोष्टी करूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ तो उदास राहिला, आवडीच्या गोष्टी टाळू लागला, जेवणे सोडू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. "मी नसलो तर बरे होईल" अशा अर्थाचे काहीही त्याच्या तोंडून निघाले, तर त्याच दिवशी दाखवावे आणि त्याला एकटे ठेवू नये. केंद्र शासनाची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते आणि तिथे मराठीतून बोलता येते. सोलापुरात सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. तिथे गेल्याने मुलाच्या नावाला बट्टा लागेल ही भीती मनातून काढून टाकावी.

प्रश्न : मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडे नोव्हेंबरपासून दहावीचे खेळाचे आणि चित्रकलेचे तास गणित-विज्ञानाला दिले जातात, आणि आता आठवी-नववीलाही तेच सुरू झाले आहे. बैठकीत मी हरकत घेतली, तेव्हा "मॅडम, निकाल नको का?" असे विचारले गेले. एकटी शिक्षिका यात काय करू शकते? — एक शिक्षिका, दक्षिण सोलापूर तालुका

उत्तर : नियम आपल्या बाजूने आहे. बालकांच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ सालचा असून तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचे कलम २९ सांगते की, शिक्षणातून मुलाचा सर्वांगीण विकास व्हावा, त्याच्या शारीरिक आणि मानसिक क्षमता पूर्णपणे फुलाव्यात आणि त्याला भय, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवावे. हा कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाला लागू होत असल्याने आपल्या शाळेतील आठवीचे खेळाचे तास काढून घेणे उघडपणे त्याच्या विरोधात जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यासाचे विषय आणि कला-क्रीडा यांच्यातील भिंत काढून टाकण्यास सांगितले आहे आणि गुणांबरोबर मुलाच्या इतर वाढीचीही नोंद घेणारे समग्र प्रगतिपत्रक सुचवले आहे.

तरीही बैठकीत कलमे वाचून दाखवू नका, असा माझा सल्ला आहे. मुख्याध्यापकांची निकालाची चिंता खरी असते. शेजारच्या शाळेचा निकाल वर गेला की पुढच्या वर्षीची पटसंख्या तिकडे सरकते आणि पट घसरला की आपल्याच सहकाऱ्यांवर अतिरिक्त ठरण्याची वेळ येते. त्यांच्याशी बोलायचे ते निकालाच्याच भाषेत बोलावे. गणिताचे दोन तास सलग झाले की दुसऱ्या तासात मुले काय करतात, हे आपण स्वतः वर्गात पाहिले असेल: पहिल्या बाकावरची चार-पाच मुले सोडवतात आणि बाकीची उतरवतात. आपल्याच वर्गातील त्या दिवसाच्या वह्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा आणि त्यांनाच पाहू द्या. मग आठवी-नववीचे सर्व तास परत द्यावेत आणि दहावीला आठवड्यातून निदान दोन तास मैदानावर मिळावेत, एवढी मागणी एका सत्रासाठी करा. एका सत्राने शाळा बुडत नाही, हे त्यांनाही ठाऊक असते. चित्रकलेच्या शिक्षकांना आणि क्रीडाशिक्षकांना मात्र आधी सोबत घ्या. स्वतःचा तास दर आठवड्याला मुकाट्याने सोडणे त्यांनाही जड जाते, परंतु ते बोलत नाहीत.

एक गोष्ट बैठकीत जरूर मांडा, कारण ती सहसा कोणी मांडत नाही. खेळाचा तास गेला तरी मुले संध्याकाळी गल्लीत, माळावर, कुठेतरी खेळतातच. मुलींचे तसे नसते. घरी गेल्यावर पाणी, धाकटे भावंड, स्वयंपाकातली मदत आणि "अंधार पडायच्या आत घरात ये" हे सर्व त्यांच्या वाट्याला येते. कित्येक मुलींना मोकळेपणाने धावता येईल अशी आठवड्यातील एकमेव जागा शाळेचे मैदान असते, आणि आपण तीच काढून घेऊन त्यांना प्रमेये देतो. मुलींच्या शाळेत खेळाचा तास काढून घेण्याला मी तरी अन्यायच म्हणेन.

आपल्या स्वतःच्या तासात तर कोणाची परवानगीही लागत नाही. हजेरी क्रमांकाने न घेता नावाने घ्या आणि प्रत्येक नावाला मान वर करून त्या मुलाकडे पाहा. कोण रात्रभर झोपलेले नाही, कोणाच्या डोळ्यांत पाणी आहे, कोण तीन दिवस त्याच मळक्या गणवेशात येत आहे, हे त्या दोन-तीन मिनिटांत कळते.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. सहामाही परीक्षेनंतर शाळेने गुणांनुसार तुकड्या पाडल्या आणि तिला 'अ' मधून 'ड' मध्ये पाठवले. नावांची यादी गुणांसह फलकावर लावली. ती आता शाळेत जायला तयार नाही. शाळेला हे करता येते का? — एक वडील, होटगी रोड

उत्तर : शाळेने असे करू नये. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, गुणांवरून तुकड्या पाडणे आणि मुलांना चारचौघांत लाजवणे शिक्षणसंस्थांनी टाळावे, असे म्हटले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रास देण्यासही बंदी आहे. त्याच तुकडीतील आणखी चार-पाच पालकांना बरोबर घ्या, मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. यादी फलकावरून काढावी ही मागणी आधी करा, ती एका दिवसात पूर्ण होऊ शकते. तुकड्यांचा प्रश्न पुढे व्यवस्थापन समितीपुढे नेता येईल. दरम्यान मुलीला "जास्त अभ्यास कर आणि परत 'अ' मध्ये ये" असे सांगू नका, कारण त्यातून ती यादी बरोबरच होती असे आपणही मान्य केल्यासारखे होते.

प्रश्न : आमच्या घरात तेलुगू बोलतात. मुलगा यंत्रमागावर आहे, सून घरी विड्या वळते. नात मराठी शाळेत चौथीत आहे. "घरी अभ्यास घेत जा" असे बाई दर वेळी सांगतात. पण आमच्यापैकी कोणालाच तिचा अभ्यास घेता येत नाही. संध्याकाळी ती आईजवळ बसून पाने कापते. शिकलेल्या घरांतली पोरे पुढे जातील आणि आमची मागे राहील, असे वाटते. — एक आजोबा, अशोक चौक परिसर

उत्तर : आजोबा, आपण पत्र लिहिलेत याचा मला फार आनंद झाला. चौथीच्या मुलीसाठी घराने जे करायचे असते, त्यात शिकवण्याचा वाटा लहान असतो. वेळेवर जेवण, नऊ तासांहून अधिक झोप आणि तिचे बोलणे ऐकून घेणारे एखादे माणूस यांचा वाटा मोठा असतो, आणि हे तिन्ही आपल्या घरात मिळू शकते. रोज रात्री मराठीच्या पुस्तकातले एक पान तिने आपल्याला मोठ्याने वाचून दाखवावे आणि मग त्यात काय आहे ते तेलुगूत सांगावे. आपल्याला ते पान वाचता येण्याची गरज नाही. जे तिला तेलुगूत सांगता येईल ते तिला समजले आहे, आणि जिथे ती अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करून दुसऱ्या दिवशी बाईंना विचारायला सांगा. घरची भाषा अभ्यासाच्या आड येते, हा समज खरा नाही. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी एकाच गल्लीत बोलल्या जातात, आणि इथली मुले दहा वर्षांची होईपर्यंत दोन-तीन भाषांत सहज भांडतात. आपल्या नातीजवळ हे धन आधीच आहे.

पाने कापण्याचे मात्र थांबवायला हवे. सुनेचा यात काही दोष नाही. मजुरी विड्यांच्या संख्येवर मिळते आणि चार हात असले की संख्या भरते, हे मी जाणते. परंतु पाने कापून झाली की हात तंबाखूकडे जातात, तंबाखूची धूळ श्वासातून आत जाते, निकोटीन ओल्या हातांच्या कातडीतूनही शरीरात शिरते, आणि लहान शरीराला त्याचा त्रास अधिक होतो. काम चालते त्या खोलीपासून तिची बसण्याची आणि झोपण्याची जागा शक्य तितकी दूर ठेवा. नोंदणीकृत विडी कामगारांच्या मुलांना केंद्र शासनाच्या श्रम मंत्रालयाकडून पहिलीपासून शिष्यवृत्ती मिळते आणि तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो. सुनेचे कामगार ओळखपत्र असेल तर शाळेतील बाईंना तो अर्ज भरून देण्याची विनंती करा. अभ्यास घ्यायला सांगण्यापेक्षा ही मदत त्यांना खात्रीने करता येईल.

नातीला फळ्यावरचे नीट दिसते का, हेही एकदा पाहा. शेजारणीच्या वहीत पाहून लिहिणारी मुले पुष्कळदा अभ्यासात कच्ची नसतात, त्यांना चष्म्याची गरज असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक शाळेत येते, तेव्हा डोळ्यांबरोबर रक्तक्षयाचीही तपासणी करून घ्या आणि शाळेत मिळणारी लोहाची गोळी तिने जेवणानंतर नेमाने घेतली आहे ना, ते विचारत जा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा राज्य शासनाचा २०२४ चा निर्णय आहे. तिची शाळा सातला भरत असेल, तर मुख्याध्यापकांना त्याविषयी विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : शाळेत समुपदेशक नेमा, असे सगळीकडे सांगितले जाते. आमच्या शाळेत पद नाही, निधी नाही. आम्ही तक्रारपेटी बसवली आहे, परंतु वर्षभरात तिच्यात एकही चिठ्ठी आली नाही. म्हणजे मुलांना काही अडचण नाही, असे समजावे का? — एक मुख्याध्यापक, मोहोळ तालुका

उत्तर : असे समजू नये. वर उल्लेख केलेल्या न्यायालयीन सूचनांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी संबंध जोडून ठेवावा. प्रत्येक शाळेला स्वतंत्र माणूस लगेच परवडणार नाही, परंतु आपल्या केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील, चार-पाच शाळांनी मिळून एकाला आठवड्यातून एकेक दिवस बोलावणे शक्य आहे. तोवर मुले ज्यांच्याशी आपणहून बोलतात असा एक शिक्षक आणि एक शिक्षिका आपल्याकडे असतीलच. त्यांचे दोन तास कमी करून तो वेळ मुलांसाठी राखून ठेवा. त्यांनी सल्ले कमी द्यावेत आणि ऐकावे जास्त. एक बंधन मात्र त्यांना नीट समजावून सांगा: "मी कोणालाही सांगणार नाही" असे वचन मुलाला कधीही देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका आली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ते प्रकरण शाळेतल्या शाळेत मिटवणे हा गुन्हा ठरतो. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक सूचना फलकावर मोठ्या अक्षरांत लावा, आणि २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती स्थापन झाली आहे का आणि ती प्रत्यक्षात बसते का, हेही तपासा.

आता पेटीविषयी लिहिते. ती बहुधा आपल्या कार्यालयाच्या दाराशी असावी, कारण शाळांत ती तिथेच असते. शिपाई, लिपिक आणि दोन शिक्षक पाहत असताना कोणते मूल तिच्यात चिठ्ठी टाकेल? पेटी जिन्याच्या वळणावर किंवा पिण्याच्या पाण्याजवळ, येता-जाता हात सहज पोहोचेल अशा जागी हलवा. दर शनिवारी ती दोघांनी मिळून उघडावी, त्यांतील एक शिक्षिका असावी, आणि ज्या चिठ्ठीत गुप्त असे काही नसेल तिचे काय केले ते सोमवारी परिपाठात सांगावे. चिठ्ठीचे अक्षर कोणाचे आहे, हे ओळखण्याचा प्रयत्न शिक्षकांच्या खोलीत हसत-हसतही होऊ देऊ नये. सुरुवातीच्या चिठ्ठ्या साध्या असतील: मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, पाण्याची टाकी धुतलेली नाही, अमुक सर टपली मारतात. कडी त्याच आठवड्यात बसवा आणि त्या सरांशी त्याच दिवशी बोला. मनातले खरे दुखणे लिहिणारी मुले त्यानंतर लिहू लागतात, कारण तोपर्यंत ती कडी बसते का हे पाहत थांबलेली असतात.